इंकजेट प्रिंटरवर कापडछपाई : दिघीच्या लघुउद्योजकासाठी एक तंत्रपाठ

पुण्याहून आळंदीस जाणाऱ्या रस्त्यावर दिघी हे गाव वसलेले आहे. ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून प्रस्थान ठेवणारी श्री ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दुसऱ्या दिवशी याच गावावरून पुण्याकडे मार्गस्थ होते. गावाच्या एका अंगास भोसरीची औद्योगिक वसाहत आहे, तर दुसऱ्या अंगास संरक्षण संशोधनाची आस्थापना आणि १९९४ साली सुरू झालेले लष्कराचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. १९९७ साली दिघीचा समावेश पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत झाला. शेतीचे गाव हळूहळू कामगारांच्या वस्तीचे उपनगर बनले आणि रस्त्याकडेच्या गाळ्यांतून छोटे-मोठे व्यवसाय उभे राहिले. झेरॉक्स, फ्लेक्स, लग्नपत्रिका, शिक्के आणि ओळखपत्रे तयार करणारी छपाईची दुकाने ही त्यांपैकीच होत.

अशा दुकानांकडे गेल्या काही वर्षांत एक नवे काम येऊ लागले आहे, ते म्हणजे टी-शर्टवरील छपाईचे. हे काम दुकानातील साध्या इंकजेट प्रिंटरमध्ये फेरफार करून करता येते. त्यासाठी लागणारे भांडवल थोडे आहे. परंतु त्यातील धोकाही तितकाच खरा आहे. ज्या होतकरू तरुणाने आपली बचत, किंवा कर्जाऊ रक्कम, या यंत्रात घालावयाचे ठरविले असेल, त्याने ती घालण्यापूर्वी या तंत्राची बाजू नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

थोड्या नगांची मागणी

कापडावरील छपाई हा काही नवा धंदा नव्हे. स्क्रीन प्रिंटिंगची पद्धत महाराष्ट्रात गावोगावी परिचित आहे. तीत प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र चौकट लागते. ती तयार करणे, जुळविणे आणि नंतर धुणे यांत वेळ व खर्च जातो. हा खर्च एक हजार नगांवर विभागला गेला म्हणजे प्रत्येक नगामागे अगदी अल्प पडतो. म्हणून मोठ्या संख्येच्या छपाईसाठी ही पद्धत आजही स्वस्त आणि टिकाऊ ठरते.

परंतु औद्योगिक पट्ट्यातील मागणी पुष्कळदा वेगळ्या प्रकारची असते. एखाद्या दिंडीस पंचवीस टी-शर्ट हवे असतात. गणेशोत्सव मंडळास चाळीस हवे असतात आणि त्यांवर मूर्तीचे बहुरंगी छायाचित्र हवे असते. कारखान्यात ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनानिमित्त एका विभागास पंधरा हवे असतात. क्रिकेटच्या संघास अकरा किंवा बारा हवे असतात आणि प्रत्येकाच्या पाठीवरील नाव निराळे असते. इतक्या थोड्या नगांसाठी चार-सहा चौकटी बनविणे परवडत नाही. सब्लिमेशनची पद्धत सोपी खरी, पण ती पॉलिएस्टरच्या आणि फिकट रंगाच्या कापडापुरतीच उपयोगी पडते. काळ्या सुती टी-शर्टवर तिचा काही उपयोग होत नाही. ही उणीव डीटीएफ, म्हणजेच डायरेक्ट टू फिल्म, या पद्धतीने भरून काढली आहे.

तंत्राचे स्वरूप

नावाप्रमाणेच या पद्धतीत छपाई प्रथम कापडावर न होता एका पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मवर होते. फिल्मच्या एका बाजूस शाई धरून ठेवणारा आणि पुढे उष्णतेने सुटणारा असा लेप असतो. त्या लेपावर चित्र उलटे, म्हणजे आरशात दिसावे तसे, छापले जाते. आधी रंगीत शाईचा थर येतो आणि त्यावर पांढऱ्या शाईचा. शाई ओली असतानाच तिच्यावर गोंदाची बारीक पावडर भुरभुरतात, जास्तीची झटकून टाकतात आणि उरलेली उष्णतेने वितळवितात. तयार झालेली ही फिल्म कापडावर पालथी ठेवून हीट प्रेसने दाबली म्हणजे गोंद धाग्यांत शिरतो. फिल्म सोलून काढली की चित्र कापडावर राहते. फिल्मवर सर्वांत वर असलेला पांढरा थर आता रंगांच्या खाली येतो आणि काळ्या कापडावरही रंग उठून दिसतात.

भोसरी-चाकणच्या वाचकास ही कल्पना परकी वाटू नये. लोखंडी भागांवर पावडर कोटिंग करणारे कारखाने या पट्ट्यात पुष्कळ आहेत. कोरडी पावडर पृष्ठभागावर धरविणे आणि ओव्हनमध्ये ती वितळवून एकसंध थर मिळविणे, हे तेथील कामाचे सूत्र होय. तेच सूत्र येथे कमी तापमानावर आणि मऊ पदार्थाच्या साह्याने वापरले जाते.

यंत्राची निवड

सर्वच इंकजेट प्रिंटर या कामास योग्य नसतात. शाईचा थेंब बाहेर फेकण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिल्या रीतीत नोझलमागील सूक्ष्म तापक शाई क्षणभर उकळवितो आणि तयार झालेला बुडबुडा थेंबास बाहेर ढकलतो. कॅनन कंपनीत १९७७ साली तापलेली सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईस लागली आणि शाई उडाली, या निरीक्षणातून त्या कंपनीच्या बबल जेट तंत्राचा उगम झाला असे सांगितले जाते. दुसरी रीत पिएझो स्फटिकाची. विशिष्ट स्फटिकांवर दाब दिला असता त्यांत विद्युत्भार निर्माण होतो, हे क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवून दिले होते. याच्या उलट क्रियेत, विद्युत्दाब देताच स्फटिक किंचित वाकतो आणि पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणे शाईस ढकलतो. एप्सन कंपनीचे प्रिंटर या दुसऱ्या रीतीने चालतात.

कापडछपाईच्या शाईत रंगद्रव्याच्या कणांबरोबर राळेसारखा बांधक पदार्थ असतो. तापकावर तो शिजून चिकटतो आणि हेड निकामी होते. पिएझो हेडमध्ये शाई तापविली जात नसल्याने हा दोष उद्भवत नाही. म्हणूनच रूपांतरासाठी पिएझो हेडचे प्रिंटरच निवडले जातात.

त्यांतही सहा शायांचे प्रिंटर अधिक सोयीचे असतात. एप्सनचा एल १८०० हा ए-थ्री प्लस आकाराचा प्रिंटर या कामासाठी जगभर वापरला गेला. पुढे त्याची जागा एल १८०५० ने घेतली. ए-फोर आकारात एल ८०५ हा प्रिंटर रूपांतरासाठी पुष्कळ वापरात आला. अशा यंत्रांत निळा, किरमिजी, पिवळा व काळा या चार मूळ शायांखेरीज फिकट निळी आणि फिकट किरमिजी अशा दोन शाया असतात. छायाचित्रातील त्वचेच्या कोमल छटांसाठी त्यांची योजना केलेली असते. रूपांतरात या दोन फिकट शायांच्या जागी पांढरी शाई भरतात. त्यामुळे छटा काहीशा दाणेदार होतात. परंतु टी-शर्ट हातभर अंतरावरून पाहावयाचा असल्याने ही उणीव सहसा जाणवत नाही.

शक्य असल्यास नवे, किंवा ज्यात अन्य शाई दीर्घकाळ वापरलेली नाही असे, यंत्र घ्यावे. जुने यंत्र घेतल्यास हेड, नळ्या आणि डँपर शुद्धिद्रवाने पूर्ण स्वच्छ होईपर्यंत धुऊन घ्यावेत. एका जातीची शाई दुसरीत मिसळली तर गाठी होण्याचा संभव असतो. रूपांतर केलेल्या यंत्रावर उत्पादकाची हमी राहत नाही, हेही आधीच ध्यानात घेणे इष्ट होय.

रूपांतराची कामे

रूपांतरात मुख्यतः चार कामे करावयाची असतात. पहिले काम शाईच्या मार्गाचे. टाक्या रिकाम्या करून नळ्या व डँपर धुणे, नव्या शाया भरणे आणि नळ्यांतील हवा काढून टाकणे यांचा त्यात समावेश होतो. डिझेल इंजिनाच्या इंधननळीत हवा शिरली म्हणजे इंजिन जसे चालत नाही, तसेच येथे एक बुडबुडा अडकला तरी नोझलची एक रांग कोरी जाते.

दुसरे काम फिल्म सरकविण्याच्या व्यवस्थेचे. कागद शाई शोषून घेतो. फिल्मवर ती ओलीच राहते. प्रिंटरच्या बाहेरील तोंडाशी कागद धरणारी दातेरी चाके असतात. ती ओल्या शाईवरून गेली की चित्रावर आडवे-उभे ओरखडे पडतात. म्हणून ही चाके काढून टाकावी लागतात. ती काढल्यावर फिल्म उचलली जाऊन हेडला घासू नये यासाठी काही रूपांतरांत खालच्या पाटावर हवा ओढणारा पंखा बसवितात. पाट सौम्य गरम ठेवल्यास शाई लवकर स्थिरावते. भोसरीतील यंत्रकामाची दुकाने असे पाट आणि रोलर सहज तयार करून देऊ शकतात, ही स्थानिक उद्योजकाची जमेची बाजू आहे.

तिसरे काम फिल्म ओळखण्याचे. काही प्रिंटर कागदाची कड प्रकाशकिरणाने तपासतात. पारदर्शक फिल्म त्यांना दिसत नाही आणि यंत्र कागद नसल्याची सूचना देऊन थांबते. फिल्मच्या कडेस पांढरी पट्टी लावणे, किंवा सॉफ्टवेअरमधून ती तपासणी बंद करणे, हे त्यावरील नेहमीचे उपाय होत.

चौथे काम सॉफ्टवेअरचे. प्रिंटरसोबत आलेल्या प्रणालीस पांढरी शाई ठाऊकच नसते. फिकट निळ्याच्या जागी पांढरी भरली आहे, हे तिला सांगण्यासाठी रिप नावाचे स्वतंत्र सॉफ्टवेअर लागते. चित्राच्या कोणत्या भागामागे पांढरा थर द्यावयाचा, किती जाड द्यावयाचा आणि एकूण शाई किती सोडावयाची, हे सर्व त्यावर ठरते. पांढऱ्या थराची कड रंगीत चित्रापेक्षा एक-दोन बिंदू आत घ्यावी; अन्यथा चित्राभोवती पांढरी किनार दिसते. रंग आणि पांढरा असे थर दोन फेऱ्यांत छापावयाचे झाल्यास फिल्म पुन्हा तंतोतंत त्याच जागी यावी लागते. नोझलच्या रांगेचा एक भाग रंगासाठी आणि मागील भाग पांढऱ्यासाठी वापरून एकाच फेरीत दोन्ही थर देणारी योजना त्यामुळे अधिक भरवशाची ठरते. रिप सॉफ्टवेअरची चोरटी प्रत वापरण्याचा मोह टाळावा. ती ऐन हंगामात बंद पडली तर दाद मागण्यास जागा राहत नाही.

पांढऱ्या शाईची शिस्त

येथवरची कामे एकदाच करावयाची असतात. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते आणि ती घेते पांढरी शाई.

पांढऱ्या शाईतील रंगद्रव्य म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. प्रकाश वळविण्याची त्याची शक्ती असाधारण आहे. त्याच्या रुटाइल या प्रकाराचा अपवर्तनांक सुमारे २.७ भरतो, तर शाईतील बांधकाचा १.५ च्या आसपास असतो. या फरकामुळेच अगदी पातळ थरही खालचे काळे कापड झाकू शकतो. परंतु हे द्रव्य पाण्यापेक्षा सुमारे चौपट जड आहे. रंगीत शायांतील कण हलके असल्याने तरंगत राहतात. पांढरे कण मात्र यंत्र थांबले की खाली बसू लागतात. टाकीच्या तळाशी, नळीच्या वाकणात आणि शेवटी हेडच्या आत त्यांचा साका जमतो. एल १८०० च्या हेडमध्ये प्रत्येक शाईसाठी ९० नोझल असतात आणि सर्वांत लहान थेंब दीड पिकोलिटरचा असतो. एक पिकोलिटर म्हणजे एका लिटरच्या एक लक्ष कोटींश इतका भाग. इतक्या सूक्ष्म वाटेत साका बसला तर तो पुन्हा निघेलच असे नाही.

यासाठी काही नियम कटाक्षाने पाळावे लागतात. पांढऱ्या शाईची टाकी रोज ढवळावी, किंवा शाई सतत फिरती ठेवणारा छोटा पंप बसवावा. रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी नोझल चेक छापून पाहावे आणि तो कागद तारीख घालून जपून ठेवावा. रेषा तुटलेल्या दिसल्यास एकदा, फार तर दोनदा, हेड साफ करण्याची आज्ञा द्यावी. पुनःपुन्हा ती दिल्याने शाई वाया जाते, टाकाऊ शाईचा पॅड भरतो आणि दोष बहुधा तसाच राहतो. अशा वेळी थोडा अवकाश देऊन, डँपर व कॅप तपासून मग पुढे जावे. हेड ज्यावर विसावते ती रबरी कॅप आणि पुसणारी पट्टी दररोज शुद्धिद्रवाने स्वच्छ करावी. काम नसले तरी रोज एक लहान चित्र अवश्य छापावे. दोन-चार दिवसांहून अधिक काळ दुकान बंद राहणार असेल, तर पांढरी शाई काढून त्या मार्गात शुद्धिद्रव भरून ठेवणे श्रेयस्कर.

दिवाळीत गावी गेलेला दुकानदार आठवड्याने परत येतो आणि यंत्र सुरू करतो, तो पांढरा रंग उमटतच नाही, हा प्रसंग या धंद्यात नवा नाही. सुटीपूर्वी अर्धा तास खर्चून मार्ग धुतला असता तर वाचले असते असे ते हेड असते.

हवामानाचा परिणाम

या यंत्रास साधारणतः ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. पुणे परिसरातील हवा वर्षातून दोनदा ही मर्यादा ओलांडते आणि दोन्ही वेळा दोष उलट प्रकारचे असतात.

मार्च ते मे या महिन्यांत दुपारची हवा अतिशय कोरडी होते. नोझलच्या तोंडाशी शाई सुकते. फिल्मवर स्थिर विद्युत्भार जमतो आणि गोंदाची पावडर कोऱ्या भागासही चिकटून राहते. पत्र्याच्या छपराखालील गाळ्यात हा त्रास अधिक होतो. यंत्राजवळ पाण्याचे पसरट भांडे किंवा साधा आर्द्रक ठेवल्याने, आणि पंख्याचा झोत थेट यंत्रावर येऊ न दिल्याने, पुष्कळ फरक पडतो.

पावसाळ्यात याच्या उलट घडते. फिल्मचा लेप दमट होतो, शाई पसरते, पावडरचे गोळे बनतात आणि चित्राभोवती खरखरीत कडा उमटते. फिल्म बंद पिशवीत आणि पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. लागेल तेवढीच बाहेर काढावी. वारीच्या कामांची घाई नेमकी पावसाच्या तोंडाशी येते, हे दिघीतील दुकानदाराने विसरू नये. पालखीपूर्वीच्या आठवड्यात कोरडी फिल्म पुरेशी हाताशी ठेवणे आणि दिंडीचे काम शेवटच्या रात्रीवर न ढकलणे हितावह ठरते. शंभर-दीडशे रुपयांचे आर्द्रतामापक भिंतीवर लावले तर अनेक दोषांचे कारण तत्काळ उमगते.

पावडर, ओव्हन आणि दाब

गोंदाची पावडर बहुधा थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन या पदार्थाची असते. ती ओल्या शाईवर सर्वत्र सारखी पसरून फिल्मला मागून हलके टिचकी मारीत जास्तीची काढून टाकावी. त्यानंतर साधारणतः ११० ते १३० अंश सेल्सिअसवर दोन-तीन मिनिटे ती वितळवितात. पृष्ठभाग चमकू लागला आणि संत्र्याच्या सालीसारखा दिसू लागला की काम झाले असे समजावे. पांढरट दाणे दिसत असतील तर पावडर कच्ची आहे. अशी छपाई पहिल्या-दुसऱ्या धुण्यातच सुटते. अति तापविल्यास थर पिवळसर आणि ठिसूळ होतो.

सुती कापडावर हीट प्रेस सुमारे १५० ते १६० अंशांवर दहा ते पंधरा सेकंद दाबतात. छपाईपूर्वी कापड तीन-चार सेकंद नुसतेच दाबून त्यातील ओलावा घालवावा. रंगीत पॉलिएस्टर कापड अधिक तापल्यास त्याचा स्वतःचा रंग वर चढतो आणि पांढरे अक्षर गुलाबी किंवा निळसर दिसू लागते. म्हणून तेथे तापमान १३० ते १४० अंशांपर्यंत उतरवावे. फिल्म गरम असताना सोलावयाची की गार झाल्यावर, हे फिल्मच्या जातीवर अवलंबून असते. पुरवठादाराने दिलेली सूचना पाळावी. फिल्म सोलल्यावर वर बेकिंग पेपर किंवा टेफ्लॉनचे कापड ठेवून पुन्हा पाच-दहा सेकंद दाब दिल्याने थर धाग्यांत नीट बसतो.

प्रेसच्या पडद्यावर दिसणारा आकडा आणि पाट्याचे खरे तापमान यांत अंतर असू शकते. कोपऱ्यांत तर ते हटकून असते. कारखान्यात मोजमाप केल्यावाचून भाग पुढे पाठवीत नाहीत, तोच नेम येथे ठेवावा. तापमान स्वतंत्र मापकाने तपासावे आणि प्रत्येक नव्या कापडाचा एक तुकडा छापून, चोवीस तासांनंतर तो चार-पाच वेळा धुऊन पाहावा. ग्राहकास कपडा उलटा करून धुण्यास आणि छपाईवर थेट इस्त्री न फिरविण्यास सांगावे.

हिशेबाची रीत

या व्यवसायात नफा-तोटा कशावर ठरतो, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या बाजारातील भाव घालून हिशेब मांडावा.

समजा, रोजची साफसफाई, नोझल चेक आणि त्यात जाणारी शाई यांचा खर्च ६० रुपये आहे. काम असो वा नसो, तो होणारच. दिवसाला ए-थ्री आकाराच्या तीनच फिल्म छापल्या, तर प्रत्येक फिल्मवर यापोटी २० रुपयांचा बोजा पडतो. तीस छापल्या तर तो दोनच रुपये होतो. आता हेड बदलण्यास २०,००० रुपये लागतात असे धरू. दिवसाला दहा फिल्म आणि वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरून ते हेड एक वर्ष टिकले, तर ३,००० फिल्म निघतात आणि हेडचा खर्च प्रत्येकी ६ रुपये ६७ पैसे येतो. तेच हेड तीन महिन्यांत गेले तर ७५० फिल्मच निघतात आणि हा खर्च प्रत्येकी २६ रुपये ६७ पैशांवर जातो. फिल्म, शाई आणि पावडर यांच्या भावात घासाघीस करून जे वाचते, त्याहून कितीतरी अधिक हेड सांभाळल्याने वाचते, हे यावरून दिसून येईल.

फिल्मवरील जागेचाही विचार करावा. ए-थ्री फिल्मवर तीन इंची चौरस चिन्हे थोडे अंतर सोडून पंधरा बसतात. एकच चिन्ह छापून उर्वरित फिल्म कापून टाकणारा आणि निरनिराळ्या ग्राहकांची चिन्हे एकत्र मांडून पूर्ण फिल्म वापरणारा, या दोघांच्या खर्चात मोठी तफावत पडते. बिघडलेल्या नगांची नोंद अवश्य ठेवावी. दहात एक नग वाया जात असेल, तर शंभर चांगल्या नगांसाठी सुमारे १११ नगांचा खर्च करावा लागतो. ग्राहकाने स्वतः आणलेला महागडा टी-शर्ट खराब झाल्यास भरपाई कोणी करावयाची, हे काम घेतानाच ठरवून घ्यावे.

या हिशेबातून निघणारा निष्कर्ष नवशिक्यास काहीसा अनपेक्षित वाटेल. ज्याच्याकडे अद्याप रोजचे काम नाही, त्याने पहिल्याच दिवशी प्रिंटरचे रूपांतर करू नये. प्रथम चांगला हीट प्रेस घ्यावा आणि छापील फिल्म मोठ्या यंत्रावर छापणाऱ्या व्यावसायिकांकडून तयार करून आणावी. हीट प्रेस आठवडाभर बंद राहिला तरी बिघडत नाही; पांढऱ्या शाईचे हेड बिघडते. फिल्म बाहेरून आणण्यावर होणारा खर्च दोन-तीन महिने वहीत लिहावा. तो रोजचा झाला आणि स्वतःच्या यंत्राच्या खर्चाहून वाढला, म्हणजे रूपांतराची वेळ आली असे समजावे. तोवर कापड, तापमान आणि ग्राहक यांची ओळखही पक्की झालेली असते.

आरोग्य, परिसर आणि कायदा

पावडर वितळताना वाफा निघतात. त्या बंद गाळ्यात कोंडू देऊ नयेत. धूर बाहेर काढणारा पंखा ओव्हनच्या लगत बसवावा. पावडर झटकताना नाका-तोंडावर योग्य मास्क असावा आणि डोळ्यांवर चष्मा असावा. घरातील स्वयंपाकाचा ओव्हन या कामास वापरू नये. एकदा वापरला तर तो पुन्हा स्वयंपाकास घेऊ नये. हीट प्रेसचा विद्युत्भार मोठा असतो. त्यासाठी योग्य जाडीची तार, अर्थिंग आणि स्वतंत्र स्विच परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावा.

टाकाऊ शाई आणि धुण्याचे द्रव गटारात ओतू नयेत. ते डब्यात साठवून, घट्ट झाकण लावून, महानगरपालिकेच्या घातक कचऱ्याच्या व्यवस्थेकडे द्यावेत. वापरलेली फिल्म ओल्या कचऱ्यात न मिसळता वेगळी ठेवावी.

कायद्याची बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. नामांकित कंपन्यांची चिन्हे, क्रिकेट संघांची मुद्रा किंवा चित्रपटातील दृश्ये परवानगीवाचून छापणे ट्रेडमार्क अधिनियम, १९९९ आणि कॉपीराइट अधिनियम, १९५७ यांचा भंग ठरू शकते. कारखान्याचे काम घेताना त्या कारखान्याची लेखी मागणी घेऊन ठेवावी.

अर्थसाह्य आणि प्रशिक्षण

सूक्ष्म उद्योगांसाठी १ जुलै २०२० पासून उद्यम नोंदणीची पद्धत सुरू झाली असून ही नोंदणी विनामूल्य आहे. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेतील शिशु गटात ५० हजार रुपयांपर्यंत, तर किशोर गटात त्यापुढे ५ लाख रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. २०१९ साली राज्य शासनाने सुरू केलेल्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात प्रवर्ग आणि ठिकाण यांनुसार प्रकल्प खर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदानाची योजना करण्यात आली. अर्जाच्या अटी आणि मर्यादा वेळोवेळी बदलत असल्याने जिल्हा उद्योग केंद्राकडे समक्ष चौकशी करावी. कर्जप्रकरणास यंत्राचे दरपत्रक जोडावे लागते. म्हणून हीट प्रेस, संगणक आणि नवे यंत्र यांची दरपत्रके अधिकृत विक्रेत्यांकडूनच घ्यावीत.

ज्याने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरचे किंवा इलेक्ट्रिशियनचे शिक्षण घेतले आहे, त्यास या यंत्राची अंतर्रचना समजण्यास वेळ लागत नाही. संगणकावर चित्र तयार करणारा आणि यंत्र सांभाळणारा अशा दोघांनी मिळून हे काम उभे केले, तर दोन्ही अंगे सावरली जातात. घरातील स्त्रियांनाही चित्रांची मांडणी, पावडर लावणे आणि दाब देणे ही कामे थोड्या सरावाने उत्तम जमतात.

कारखान्याच्या फाटकाबाहेर राहूनही औद्योगिक पट्ट्यातील तरुण उत्पादक होऊ शकतो, हे अशा छोट्या तंत्रांनी दाखवून दिले आहे. त्यासाठी महागड्या यंत्राइतकीच रोजच्या देखभालीची सवय मोलाची आहे. सकाळचा नोझल चेक, भिंतीवरचे आर्द्रतामापक आणि खर्चाची वही, या तीन गोष्टी ज्या दुकानात नियमाने पाहिल्या जातात, तेथे रूपांतरित प्रिंटरही अनेक हंगाम साथ देतो.